सोलापुरातलं रँडम वॉकचं वर्कशॉप : शनिवार पैसे वसूल, रविवार जरा ढिसाळ

पहिलंच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांचा वेळ वाचेल. सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये शनिवार-रविवार असं दोन दिवसांचं वर्कशॉप झालं, विषय ‘झाडासारख्या नेटवर्कवर रँडम वॉक आणि टार्गेट शोधणं’ (म्हणजे फासा सांगेल तिकडं पावलं टाकत ठराविक जागी पोचायचं), फी माणशी नऊशे, त्यात दोन्ही दिवसांचं जेवण आणि चहा. एकट्या शनिवारसाठी नऊशे मागितले असते तरी मी दिले असते, रविवारचे मात्र शंभरच्या वर देणार नाही. पाचपैकी चार स्टार, आणि कापलेला स्टार लॅपटॉपच्या सेशनचा.

मी तिथं काय करत होतो हा प्रश्न घरच्यांनी पण विचारला. कधीकाळी बीएस्सी फिजिक्स केलेलं, आता टॉवेलचा धंदा. भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, तिनं दोघांचा फॉर्म भरून टाकला आणि मला म्हणाली मामा तुम्हाला एमआयडीसी सोडून काही दिसत नाही, चला. बाकी पब्लिक मिक्स होतं, कॉलेजची पोरं निम्मी, दोन-तीन मास्तर, एक बँकेतले रिटायर्ड काका, आणि एक पार्सल डिलिव्हरी करणारा पोरगा जो नंतर सगळ्यात कामाचा निघाला. शिकवणारे सर मूळचे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातले, बाहेर रिसर्च करून आलेले, मराठीत शिकवता शिकवता मधेच तेलुगूत कुणाला तरी चहा सांगणारे. बोर्डावर पहिला तासभर काही लिहिलंच नाही त्यांनी, आणि मला वाटतं तिथंच वर्कशॉप जिंकलं.

हॉलच्या मागं फरशीचं अंगण आहे, तिथं रांगोळीनं झाड काढलेलं. वर एक गोल, त्याला दोन फांद्या, त्या प्रत्येकीला दोन, परत प्रत्येकीला दोन, म्हणजे एकूण १५ गोल आणि त्यांना जोडणाऱ्या १४ रेघा. शेवटच्या ८ टोकांवर ८ स्टीलच्या वाट्या पालथ्या, त्यातल्या एकीखाली लिमलेटची गोळी. नियम असा की वरच्या गोलात उभं राहायचं आणि फासा टाकायचा, तीन रस्ते फुटतात तिथं एक-दोन पडलं तर मागं, तीन-चार पडलं तर डावीकडं, पाच-सहा पडलं तर उजवीकडं, वरच्या गोलात दोनच रस्ते म्हणून सम-विषम, आणि टोकाला पोचलात तर फासा नाही, एकच रस्ता आहे, गुमान मागं या. कुठं जाऊन आलोय हे लक्षात ठेवायचं नाही. ठेवलं तरी वापरायचं नाही, फासा सांगेल तेच. रिकामी वाटी दहा वेळा उचलायची वेळ आली तरी उचलायची.

सुरू करायच्या आधी सरांनी सगळ्यांना अंदाज विचारला, गोळी वरून फक्त तीन रेघांवर आहे, सरासरी किती पावलं लागतील? कुणी दहा म्हणालं, कुणी पंधरा, बँकेतले काका वीस म्हणाले तर पोरं हसली. मग खेळ सुरू झाला. एक पोरगी तिसऱ्याच पावलाला बरोब्बर वाटीवर (याची शक्यता अठरात एक आहे, सरांनी लगेच सांगितलं, १/२ गुणिले १/३ गुणिले १/३), आणि काका बिचारे शंभरच्या पुढं गेले तरी त्याच त्याच दोन वाट्या उचलत होते, बाजूला उभी असलेली पोरं ओरडायला लागली ‘काका तिकडं नाही, तिकडं’. सगळ्या ग्रुपची सरासरी काढली तेव्हा साठ-सत्तरच्या आसपास आली. खरं उत्तर ६५. तीन रेघांच्या अंतरासाठी ६५ पावलं, यावर विश्वास बसायला अंगणात उभं राहावं लागतं.

हिशोब इतका साधा आहे की मी तुम्हाला इथंच सांगतो, फी न भरता. झाडात गोल फिरून यायला रस्ता नसतो, एखादी रेघ पुसली की झाडाचे दोन तुकडे होतात. आता एक रेघ ओलांडून पुढं जायचंय. ती ओलांडायच्या आधी तुमच्या पाठीमागं जेवढा तुकडा आहे त्यातल्या प्रत्येक रेघेवरून तुम्ही सरासरी एकदा जाता आणि एकदा येता. म्हणून एक रेघ ओलांडायचा खर्च म्हणजे मागच्या रेघांची दुप्पट अधिक एक. वरून पहिली रेघ, मागं ७ रेघा, म्हणून १५. दुसरी, मागं ११, म्हणून २३. तिसरी, मागं १३, म्हणून २७. बेरीज ६५. बास. बीएस्सीला आम्ही डिफ्युजनची समीकरणं घोकली आणि हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आता उलटं करा. वाटीपासून निघा आणि वरच्या गोलात पोचा. तेच अंतर, त्याच तीन रेघा. पहिल्या रेघेमागं काहीच नाही, १. दुसरीमागं २ रेघा, ५. तिसरीमागं ६ रेघा, १३. एकूण १९. जायला ६५ आणि यायला १९! पोरांनी परत फासे टाकून बघितलं, खरंच तसं येतंय. जाणं-येणं मिळून ८४, आणि हे ८४ म्हणजे दोन गुणिले १४ रेघा गुणिले ३ अंतर. हे झाडावर कुठल्याही दोन गोलांसाठी चालतं, एकूण रेघा गुणिले अंतर गुणिले दोन. सर म्हणाले यामागं विजेचं गणित आहे, प्रत्येक रेघ म्हणजे एक ओहमचा रेझिस्टर समजा, दोन टोकांमधला रेझिस्टन्स गुणिले एकूण रेघांची दुप्पट म्हणजे जाण्या-येण्याची सरासरी वेळ, हे १९८९ मध्ये चंद्रा, राघवन, रुझ्झो, स्मोलेन्स्की आणि तिवारी या पाच जणांनी मांडलं, आणि झाडात पॅरलल रस्ता नसल्यामुळं रेझिस्टन्स म्हणजे सरळ अंतरच. यातले राघवन म्हणजे प्रभाकर राघवन, जे नंतर गूगलमध्ये मोठ्या पदावर गेले. आयटीआयचा एक पोरगा एवढा खुश झाला की त्याला पहिल्यांदा सिरीज सर्किटचा काहीतरी उपयोग दिसला असावा.

मला सगळ्यात आवडलेला भाग याच्यानंतरचा. सरांनी गेरूनं एक जादा बोळ काढली, ५ रेघांची, कुठंच न पोचणारी. आणि विचारलं, ही बोळ वाटीच्या अगदी शेजारच्या गोलाला जोडली तर जास्त त्रास, का लांब वरच्या गोलाला जोडली तर? पार्सलवाला पोरगा ताबडतोब म्हणाला, ‘सर घराजवळची बोळ बेक्कार, पत्त्याजवळ येऊन माणूस फसतो, रोज बघतो मी.’ बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, मी पण. मग हिशोब केला. बोळ वाटीशेजारी जोडली तर फक्त शेवटची रेघ ओलांडताना ती मागं येते, ६५ चे ७५ होतात. वर जोडली तर तिन्ही रेघा ओलांडताना ती मागंच असते, तीन वेळा भरावं लागतं, ६५ चे ९५. म्हणजे घरापासून जितकी लांब बोळ तितकं जास्त नुकसान. ती बोळ सरळ लांब असो का वेडीवाकडी फुटलेली असो, सरासरीला फरक पडत नाही, रेघा किती एवढंच बघायचं. आणि परत येताना, वाटीकडून वर, ती वरची बोळ असली काय नसली काय, १९ चे १९.

यावरून सरांनी एका ओळीचं सूत्र काढलं ते मी फोनमध्ये लिहून ठेवलंय. अंतराचा वर्ग, अधिक दोन गुणिले, प्रत्येक बोळीतल्या रेघा गुणिले ती बोळ जिथं फुटते तिथून टार्गेटपर्यंतचं अंतर, या सगळ्यांची बेरीज. आपल्या झाडावर, अंतर ३, वर्ग ९. वरच्या गोलाची दुसरी बाजू म्हणजे ७ रेघांची बोळ, अंतर ३, झाले २१. पुढच्या गोलाला ३ रेघांची बोळ, अंतर २, झाले ६. शेवटच्या गोलाला १ रेघ, अंतर १. एकूण २८, दुप्पट ५६, अधिक ९, परत ६५. म्हणजे ६५ पावलांपैकी खऱ्या रस्त्याची फक्त ९, उरलेली ५६ बोळींनी खाल्ली. टार्गेट किती लांब आहे हे आपण विचारतो, पण झाडात वेळ जातो तो पाठीमागं काय काय लटकलंय त्याच्यात. दोन दिवसांत एवढी एक गोष्ट पक्की बसली तरी माझ्या मते फी वसूल.

पार्सलवाला पोरगा मात्र गप्प बसणारा नव्हता. म्हणाला, ‘ते सगळं बरोबर हो सर, पण मी काय फासे टाकत जातोय व्हय? एकदा बघितलेल्या बोळीत मी परत कशाला शिरू?’ अख्खा हॉल हसला, पण सरांनी त्याला पुढं बोलावून खडू हातात दिला. म्हणाले प्रत्येक रेघेवरून जाताना खूण कर, खूण असलेल्या बोळीत परत शिरू नकोस, पुढं काही नवं उरलं नाही की एक गोल मागं ये. त्या पद्धतीनं कुठल्याही रेघेवरून जास्तीत जास्त दोनदाच जाणं होतं, अख्खं झाड २८ पावलांत फिरून परत वर येतो, आणि गोळी कुठल्याही वाटीखाली असू शकते असं धरलं तर सरासरी १४ पावलांत सापडते. १४ आणि ६५. थोडीशी आठवण किंवा एक खडू, एवढाच फरक. पोरगं खुश, म्हणे बघा, मी हेच करतो. (कॉम्प्युटरवाले याला डेप्थ फर्स्ट सर्च म्हणतात, भाचीनं कानात सांगितलं, मग मी पण ते पुढच्या काकांना माहिती असल्यासारखं सांगितलं.)

मग बँकेतल्या काकांनी विचारलं जे माझ्या पण मनात होतं, की मग हा फाशांचा खेळ शिकायचाच कशाला, शहाण्या माणसाला खडू पुरे. सरांचं उत्तर चांगलं होतं. ज्याच्याकडं खडू नाही आणि आठवण पण नाही अशांसाठी. मेंदूतल्या काही पेशींच्या फांद्यांवर बारीक बारीक काटे असतात, आत फिरणारे रेणू त्या काट्यांत शिरतात, अडकतात, परत बाहेर येतात, त्यामुळं फांदीवरून पुढं सरकायला जास्त वेळ लागतो, ती बोळीचीच भानगड. डेंड्रिमर नावाचे झाडासारखे फुटत जाणारे रेणू केमिस्ट लोक बनवतात, फोग्टलच्या ग्रुपनं १९७८ मध्ये असली पहिली रचना केली, त्यांच्या बाहेरच्या टोकांवर उजेड पडला की ती ऊर्जा आतल्या गाभ्यापर्यंत कशी पोचते हा प्रश्न म्हणजे वाटीकडून वर यायचा प्रश्न, ती १९ वाली दिशा. काहींमध्ये आतल्या बाजूला उतारच असतो म्हणजे फासाच गाभ्याकडं झुकलेला. हे दहा मिनिटांत उरकलं, चित्रं असती तर बरं झालं असतं.

एक गोष्ट सरांनी स्वतःहून स्पष्ट केली हे मला आवडलं, की अख्खं सोलापूर काय झाड नाही. नवी पेठेत एका गल्लीतून शिरलं की दुसरीकडून बाहेर पडता येतं, तिथं हे सूत्र जसंच्या तसं लावायचं नाही, रेझिस्टन्सवालं लावायचं. झाडाचं गणित चालतं ते वाड्याच्या आतल्या बोळी, अपार्टमेंटचे जिने, ओढे नद्यांना मिळतात तिथं, कॉम्प्युटरमधली फोल्डरं. काही लोक विषय शिकवताना सगळं जग त्याच्यात कोंबतात, तसं झालं नाही.

दुपारचं जेवण. याच्यासाठी वेगळे मार्क. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, एक उसळ, भात. शेंगाचटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेलं, मिक्सरमधली कोरडी भुकटी नव्हे. रविवारी त्याच पैशात पुरी-भाजी दिली, तेलकट आणि गार, तिथूनच रविवारचं बिघडलं असं माझं मत आहे, भाची म्हणते लॅपटॉपनं बिघडलं.

शनिवारी दुपारी अनंत झाड. फांद्या संपतच नाहीत असं समजा. प्रत्येक गोलातून पुढं जायचे दोन रस्ते आणि मागं यायचा एक, म्हणजे तीनातले दोन वेळा फासा तुम्हाला लांबच ढकलतो. एक पाऊल पुढं गेलात तर आयुष्यात कधीतरी परत मागच्या गोलात यायची शक्यता फक्त निम्मी. हे पण बोर्डावर दोन ओळीत निघतं, शक्यता पी धरा, पी बरोबर १/३ अधिक २/३ गुणिले पी वर्ग, यातून पी १ किंवा १/२, आणि खरी १/२. मग जुनी गोष्ट सांगितली. १९०५ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननं ‘नेचर’ या विज्ञानाच्या साप्ताहिकात पत्र लिहून विचारलं की एखादा माणूस दर खेपेला भलत्याच दिशेला वळून ठराविक अंतर चालत राहिला तर शेवटी कुठं असेल, ‘रँडम वॉक’ हे नाव तिथून चाललं, लॉर्ड रॅलेनं उत्तर दिलं, आणि पिअर्सननं शेवटी म्हटलं की मोकळ्या माळावर दारुड्याला शोधायचं तर जिथून निघाला तिथंच आसपास शोधा. १९२१ मध्ये पोल्या या गणितज्ञानं दाखवलं की सरळ रस्त्यावर किंवा चौकटीच्या गावात तो कधी ना कधी निघाल्या जागी परत येतोच, पण तीन मितींच्या जाळीत यायची शक्यता फक्त ३४ टक्के. आणि फुटत जाणाऱ्या झाडावर तर चुकला तो चुकला. बँकेतले काका म्हणाले म्हणजे दारुड्याला मैदानात सोडावं, झाडावर चढू देऊ नये. बरोबरच आहे.

यानंतर फणी आणि टी-फ्रॅक्टल एवढ्या घाईत घेतले की मला राग आला, कारण दोन्ही भारी होते. फणी म्हणजे एक लांब रस्ता आणि प्रत्येक चौकाला न संपणारी बोळ. साध्या रस्त्यावर दहापट लांब जायला शंभरपट वेळ लागतो, फणीच्या मुख्य रस्त्यावर दहापट लांब जायला दहा हजारपट. चालणारा तोच, फासा तोच, पण बोळीत गेला की कधी बाहेर येईल नेम नाही. टी-फ्रॅक्टल असं की एक रेघ घ्या, मधोमध एक गोल टाका, त्यातून तेवढीच एक रेघ बाहेर काढा, आता प्रत्येक रेघेला परत तेच करा. दर पायरीला रेघा तिप्पट, टोकापासून टोकाचं अंतर दुप्पट, आणि मगाचं जाण्या-येण्याचं सूत्र आठवा, दोन्ही टोकं सारखीच म्हणून त्याचं निम्मं, रेघा गुणिले अंतर, म्हणजे वेळ सहापट. पहिल्यांदा १ पाऊल, मग ६, मग ३६, मग २१६, आणि त्या २१६ ला अंतर किती तर फक्त ८ रेघा. ज्याला सूत्र कळलंय त्याला हे अर्ध्या मिनिटात कळतं. याच्यावर शोधनिबंध लिहिलेत लोकांनी, आणि आपण अंगणात रांगोळीवर उभं राहून त्याच्या गाभ्यापर्यंत पोचतो, हे सरांचं खरं कसब. पण पोरांना हे फाशावर खेळू द्यायला पाहिजे होतं, स्लाईडवर पाच मिनिटं दाखवून संपवलं कारण हॉल सहाला रिकामा करायचा होता. संयोजकांनी हॉल आठपर्यंत घ्यावा ही नम्र विनंती, भाड्यात फार फरक पडत नसेल.

आता रविवार. साडेनऊची वेळ, सुरू झालं पावणेअकराला. प्रत्येकानं लॅपटॉप आणायचा आणि त्यात पायथॉन (प्रोग्रॅम लिहायची भाषा) टाकून यायचं असं मेसेजमध्ये लिहिलं होतं, निम्म्यांनी टाकलं नव्हतं, मग हॉलच्या वायफायवर सगळ्यांनी एकदम डाऊनलोड सुरू केलं आणि वायफाय झोपलं. प्लगपॉइंट चार, एक्स्टेन्शन बोर्ड एक, तो पण स्पार्क मारणारा. प्रोजेक्टरवर अक्षरं एवढी बारीक की मागच्या दोन रांगांना फक्त निळा उजेड दिसत होता. शिकवायला सर नव्हते, त्यांचे दोन असिस्टंट होते, पोरं चांगली आहेत, पण कीबोर्डवर बोटं चालवत पुढं पुढं जात होती आणि मागं कोण राहिलंय बघत नव्हती.

तरी एक प्रसंग सांगतो, कारण तो फुकट शिकायला मिळाला. दहा मजली झाड घेतलं, म्हणजे वरून खाली दहा रेघा, एकूण २०४६ रेघा. सूत्रानं खालून वर यायला सरासरी ४०६२ पावलं, वरून एका ठराविक टोकाला जायला ३६,८५८. खडूवाल्याला सरासरी २०४६ बस. प्रोग्रॅम चालवला तर वरून खालीचं उत्तर पाच हजाराच्या जरा खाली येतंय! असिस्टंट म्हणाले नमुने कमी आहेत, वाढवा. वाढवले, तरी तेच. मग भाचीनं कोड वाचून सांगितलं की यात कमाल पावलं १०,००० ठेवलीत, तेवढ्यात जे पोचले नाहीत त्यांना मोजलंच नाही. म्हणजे जे नशीबवान लवकर पोचले फक्त त्यांची सरासरी काढली, आणि निम्म्याहून जास्त तर वाटेतच सोडून दिलेले. मर्यादा काढली आणि उत्तर छत्तीस-सदतीस हजारावर आलं. ही चूक लय ठिकाणी होत असणार, सर्व्हेत, पार्सलच्या ‘सरासरी डिलिव्हरी टाइम’मध्ये, जे पोचलंच नाही ते सरासरीत धरायचंच नाही. पार्सलवाला पोरगा यावर काही बोलला नाही, नुसता हसला.

दुपारनंतर सर आले आणि रीसेटिंग घेतलं, तेवढा रविवारचा चांगला भाग. भटकत असताना मधेच अचानक उचलून परत सुरुवातीला ठेवायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण अनंत सरळ रस्त्यावर चालणारा टार्गेटला कधीतरी पोचतो हे नक्की असलं तरी त्याची सरासरी वेळ अनंत निघते, कारण काही जण उलट्या दिशेला गेले की परत यायला बेसुमार वेळ लावतात, आणि रीसेट केलं की तीच सरासरी मोजण्याइतकी होते. मार्टिन इव्हान्स आणि आपले सत्य मजुमदार या भौतिकशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हे मांडलं. फार घाईघाईनं रीसेट केलं तर पोचायलाच वेळ मिळत नाही, फार उशिरा केलं तर भरकटलेला भरकटतच राहतो, मधे कुठंतरी सगळ्यात चांगली गती असते. अनंत झाडावर तर याचा फायदा अजून सरळ आहे, रीसेट नसेल तर टार्गेट कायमचं चुकू शकतं, रीसेट असेल तर दर खेपेला थोडी का होईना शक्यता असते म्हणून कधीतरी सापडणारच. गूगलच्या १९९८ च्या पेजरँकमध्ये (वेबपानांना क्रम लावायची पद्धत) पण हीच युक्ती जराशी बदलून आहे, लिंकवरून लिंकवर जाणारा वाचक साधारण १५ टक्के वेळा सगळं सोडून भलत्याच पानावर उडी मारतो, नाहीतर बाहेर जाणारी लिंकच नसलेल्या पानांच्या घोळक्यात तो अडकून बसेल. हा विषय अर्धा दिवस घ्यायला पाहिजे होता, पाऊण तासात गुंडाळला.

छापील नोट्सबद्दल. बारा पानं, झेरॉक्स फिकट, आणि पान तीनवर मोठी चूक आहे. रेघ ओलांडायच्या सूत्रात टार्गेटच्या बाजूच्या रेघा मोजायला सांगितलंय. मागच्या, म्हणजे आपण ज्या बाजूला उभे आहोत त्या बाजूच्या मोजायच्या. ज्यांच्याकडं हे पान आहे त्यांनी पेननं सुधारून घ्या, नाहीतर ६५ च्या जागी १९ येईल आणि डोकं फिरेल. मी संयोजकांना मेसेज केलाय, त्यांनी अंगठा दाखवलाय, पुढच्या वेळी सुधारतील बहुतेक. सर्टिफिकेट पीडीएफ मिळालं, पोरांना तेच पाहिजे असतं.

कुणी जावं? अकरावीच्या पुढचं कुणीही, भागाकार आणि वर्ग येत असेल तर शनिवार पूर्ण कळतो. गणिताच्या मास्तरांनी तर नक्की जावं, रांगोळीचं झाड शाळेच्या ग्राउंडवर उद्या काढता येईल, खर्च फासे आणि लिमलेटच्या गोळ्यांचा. ज्यांना फक्त कोडिंग शिकायचंय त्यांनी नाही गेलं तरी चालेल. संयोजकांनी फक्त शनिवारचं वेगळं तिकीट पाचशेला काढलं तर मी दुकानातल्या दोन पोरांना पाठवायला तयार आहे, विचारलंय, बघू म्हणाले.

पुढची बॅच बारावीच्या परीक्षेनंतर आहे असं ऐकलं, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तेव्हा अंगणात सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको, मांडव घालणार आहेत का ते आधी विचारून घ्या. टू-व्हीलर हॉलच्या आत लागते, फोर-व्हीलर आणू नका. लॅपटॉप फुल चार्ज करून न्या आणि पायथॉन घरूनच टाकून जा.